पाकिटावरचं अक्षर

साहेबांची जात कोणती, हे नंदुरबारात शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. गावाने त्यांच्यावर जो राग धरला तो बराचसा ह्या एकाच गोष्टीचा. आडनाव असं, की चार जातींत तरी सहज खपून जावं. कोणी सरळ विचारलं तर म्हणत, "तुमचा अंदाज काय?" समोरच्याने अंदाज सांगितला की मान डोलावून म्हणत, "हो, तसंही असू शकेल." मग खिशातली वही काढून काहीतरी टिपून घेत. आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने होतो ते कापडदुकानदार शेठजी महिनाभर धडपडले. कुलदैवत कोणतं, लग्नात हळद कधी लावतात, मामेबहीण चालते का, सगळं विचारून झालं. साहेबांनी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. शेवटी शेठजींनी मला दुकानात बोलावून हळूच विचारलं, "अरे, एक महीने से साथ में चाय पी रहा हूँ. अब तो बता दे." मला तरी कुठे माहीत होतं!

मी साहेबांचा कारकून. मामलेदार कचेरीतून उसना दिलेला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, हुकूम धुळ्याहून यायचे आणि धुळ्याला मुंबईहून. असाच एक हुकूम घेऊन साहेब आले होते. पद संशोधन अधिकारी. काम असं, की राखीव जागांवर जी माणसं सरकारी कचेऱ्यांत नव्याने लागली होती, डोंगरातले भिल्ल, पावरा, कोकणी आणि गावकुसाबाहेरचे, त्यांना तिथे प्रत्यक्षात कोणतं काम मिळतं आणि कशी वागणूक मिळते ते पाहायचं आणि वर कळवायचं. असल्या कामाला संशोधन म्हणतात हे मला तेव्हा नवीनच होतं. मामलेदार कचेरीतली माझी दोस्तमंडळी त्यांना 'माणसांचा मोजणीदार' म्हणत आणि मला 'साखळी धरणारा'. जमीन मोजताना साखळीचं एक टोक धरून उभा असतो तो. मोजणीदार सांगेल तिथे उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. माझंही तेवढंच होतं असं मी बरीच वर्षं मानत आलो.

साहेबांचे बूट दोन नंबर मोठे. दुकानात घालून बघायची लाज वाटली म्हणून तसेच घेतले आणि मग शेठजींकडून कापूस मागून पुढे कोंबला. खिशात भुईमुगाच्या शेंगा. टरफलं रस्त्यावर टाकायची नाहीत म्हणून दुसऱ्या खिशात. कचेरीत गेले की सही करायला पेन काढावं आणि सोबत मूठभर टरफलं टेबलावर पडावीत, असं हटकून व्हायचं.

कोणत्याही कचेरीत पहिल्या दिवशी ते अधिकारी म्हणून जातच नसत. चुरगळलेला सदरा घालून, कागदाची सुरळी हातात धरून अर्जदारांबरोबर ओसरीवर मांडी घालून बसत. मी समोरच्या झाडाखाली. एकदा शिपायाने त्यांना हटकलं, "ओ बाबा, तठे काय मांडी घाली बसना? उठ, साहेबनी वाट शे ती!" साहेब उठले, हात जोडून म्हणाले, "माफ करा. आपलं नाव काय?" 'आपलं' म्हटल्यावर तो शिपाई जितका गडबडला, तितका दुसऱ्या दिवशी साहेब टोपी घालून जीपमधून उतरले तेव्हाही गडबडला नसेल. झाडूवाल्यापासून कलेक्टरापर्यंत ते सगळ्यांना 'आपण' म्हणत. कलेक्टरांना त्यात काही वाटत नसे. झाडूवाले मात्र घाबरत. आपल्यावर काहीतरी बालंट येणार असं त्यांना वाटे.

प्रश्नही विचित्र. 'तुम्हाला त्रास होतो का' असं ते कधीच विचारत नसत. "असं विचारलं की माणूस नाही म्हणतो," ते म्हणत, "आणि मग आपण लिहितो, नाही म्हणाला." ते विचारत, "काल कचेरीत तुम्हाला कोणी नावाने हाक मारली?" बस्स, एवढंच. बहुतेक जण आधी हसत आणि मग आठवू लागत. एक झाडूवाला बोटांवर कचेरीतली माणसं मोजू लागला. मग म्हणाला, "कोनीच नही, साहेब. पन पगारना दिन हाक मारतस." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी परत येताना त्यांनी शेंगा खाल्ल्या नाहीत.

आणि अक्षर. अक्षर हे त्यांचं खरं वेड. कचेरीत कोण कारकून म्हणून लागलाय हे हजेरीपटावर कळतं, पण तो खरोखर कारकून आहे का, हे त्याचं अक्षर कुठवर पोचलंय त्यावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक कारकुनाच्या हातचा एक कागद ते मागून घेत आणि मग दप्तरखान्यात बसून दोन-दोन दिवस जुन्या फायली उलटत, हे अक्षर कुठे दिसतं ते शोधत. कोणाचं टिपणीत दिसे, कोणाचं हुकुमाच्या मसुद्यात, कोणाचं जमाबंदीच्या तक्त्यात. राखीव जागेवर लागलेल्यांचं अक्षर बहुतेक एकाच ठिकाणी दिसायचं. पाकिटांवर, आणि टपालाच्या आवक-जावक वहीत. ते मला बोलावून दाखवत. "बघा. हा माणूस तीन वर्षं इथे नोकरीला आहे आणि अजून पाकिटाच्या आत गेलेला नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा आनंद असायचा. गवसल्याचा आनंद. तो मला तेव्हाही आवडला नव्हता.

गुप्ततेच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं फार कडक. कोणाचं नाव कागदावर यायचं नाही. ज्याच्याशी बोलले त्याला नंबर. शेठजी एकतीस नंबर, मी चार नंबर. कोणता नंबर कोणाचा त्याची वही एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली कमरेच्या करदोट्याला. आंघोळ करतानाही ती तिथेच. बोलण्याच्या कच्च्या टाचणाची काम झाल्यावर होळी होई. आमच्या माडीवर एक शेगडी होती, तिच्यात ते कागद जाळून त्यावरच चहा उकळत. त्या चहाला नेहमी जळक्या कागदाचा वास यायचा आणि तो आम्ही मुकाट्याने प्यायचो.

एकदा त्यांना मी कोरीटला आमच्या घरी जेवायला नेलं. हौस माझीच. आमचं शेतकऱ्याचं घर, साहेब जेवायला येणार म्हणून वडिलांनी ओसरी सारवून घेतली. साहेब हातपाय धुवायला मागल्या अंगणात गेले, तेवढ्यात आईने मला खुणेने चुलीपाशी बोलावलं. "कोन जातना शे रे तो? कोनतं ताट काढू?" मी म्हटलं, "माय, गप ऱ्हाय." ती म्हणाली, "गप कसी ऱ्हाऊ? ताट घरनं शे, देवनं शे." मागे साहेब उभे. पाय ओले, हातात पंचा. सगळं ऐकलेलं. ते पाय पुसून ताटावर बसले. पोटभर जेवले. आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीचं आणि ठेच्याचं इतकं कौतुक केलं की ती माउली लाजून आत गेली. परतताना बैलगाडीत त्यांनी वही काढली. मी डोकावून पाहिलं. माझ्या आईला त्यांनी सत्तेचाळीस नंबर दिला होता.

मला त्याचा फार राग आला. "साहेब, ती कचेरीत नोकरीला नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "कचेरीतली माणसं जेवायला घरीच जातात ना?" त्यात चूक काहीच नव्हतं. राग मात्र गेला नाही.

आता सायसिंगचं सांगायला हवं. नाव खरं नाही. तो ज्या कचेरीत होता ती सातपुड्यात होती, एवढंच सांगतो. खातं सांगत नाही, गाव सांगत नाही. नाव न लिहिताही माणूस कसा ओळखू येतो, हे मी एकदाच शिकलो आणि ते शिकायची किंमत दुसऱ्याने दिली.

सायसिंग पावरा. शहाद्याला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेला. त्यांच्या गावातून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. कारकुनाच्या जागेवर हंगामी लागून तीन वर्षं होत आली होती आणि त्या मार्चअखेर कायम करण्याचा कागद वर जायचा होता. अक्षर असं, की साहेबांनी पहिलं पान पाहिलं आणि नुसते बघत राहिले. वसतिगृहात बोरूने गिरवून कमावलेलं, सरळ, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. ते अक्षर तीन वर्षं टपालाच्या वहीत होतं.

आम्ही तिथे तीनदा गेलो. धडगावपर्यंत मिठाच्या ट्रकमधून, पुढे पायी. घाटात साहेबांच्या बुटातला कापूस बाहेर यायचा आणि ते दगडावर बसून पुन्हा कोंबायचे. पहिल्या खेपेला सायसिंग म्हणाला, "सगळं चांगलं आहे, साहेब." दुसऱ्या खेपेलाही तेच. पुस्तकी मराठी बोलायचा, शब्द मोजून, पाय घसरू नये असं. तिसऱ्या खेपेला साहेब त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत गेले. मी मागे होतो. साहेबांनी थांबून त्याला शब्द दिला, "तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुमचा नंबर कोणता, ते ह्यांनासुद्धा मी सांगणार नाही." ह्यांना म्हणजे मला.

सायसिंग म्हणाला, "मी कायम झालो पाहिजे, साहेब. आमच्या गावची दोन पोरं माझ्याकडं बघून शाळेत जायला लागली. मी परत गेलो तर ती पण परत येतील."

"नाव येणार नाही," साहेब पुन्हा म्हणाले.

मग तो बोलला. फार काही भयंकर नव्हतं. त्याने लिहिलेली टिपणी हेडक्लार्क दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घेतात. मजकूर तोच, अक्षर दुसरं. दुपारी सगळे एका चटईवर डबे सोडतात, तो टपालाच्या खोलीत एकटा जेवतो. "कोणी ये म्हणत नाही, कोणी येऊ नको पण म्हणत नाही. तीन वर्षं मी वाट पाहिली, साहेब. आता वाट पण पाहत नाही." एवढंच. साहेब त्या संध्याकाळी धडगावला धर्मशाळेत काहीही न खाता झोपले.

अहवाल जानेवारीत तयार झाला. स्वच्छ प्रत करायचं काम माझं. ह्या बाबतीत एक गोष्ट सांगून टाकतो. महिनाभर आधी एका मसुद्यात मला एक वाक्य अडखळल्यासारखं वाटलं म्हणून मी नक्कल करताना ते सरळ केलं होतं. साहेबांनी ते पान माझ्यासमोर टराटरा फाडलं. "नक्कल करणाऱ्याने डोकं चालवायचं नसतं. मी लिहिलंय ते लिहा." जगातल्या सगळ्या झाडूवाल्यांना 'आपण' म्हणणारा माणूस. मी मान खाली घालून ते पान पुन्हा लिहिलं होतं.

तर जानेवारी. मी लिहीत होतो. साठाव्या की एकसष्टाव्या पानावर वाक्य आलं, 'डोंगराळ भागातील एका कचेरीतील आदिवासी कारकुनाने सांगितले की...' आणि पुढे सायसिंगचं बोलणं, चटईसकट. नाव नाही. नंबरही नाही. शेवटी परिशिष्ट होतं, कोणत्या कचेरीत किती राखीव माणसं. ते मी आदल्याच दिवशी उतरवलं होतं. डोंगरातल्या सगळ्या कचेऱ्यांत मिळून आदिवासी कारकून: एक.

माझा टाक थांबला. एकच तर होता. नाव लिहिलं काय, न लिहिलं काय! साहेब पाठ करून शेगडीपाशी बसले होते, चहा ढवळत. मी म्हटलं, "साहेब..."

"काय?"

त्या 'काय'मध्ये राग नव्हता. ते कामात होते, एवढंच. मी म्हटलं, "शाई संपत आलीय."

"उद्या आणू," ते म्हणाले. मी ते वाक्य लिहून काढलं. अक्षर चांगलं आलं होतं.

अहवाल धुळ्याला गेला, धुळ्याहून मुंबईला. सरकारात एक रीत आहे. कोणत्याही कचेरीविषयी काही लिहून आलं की तो कागद त्याच कचेरीकडे पाठवायचा, अभिप्रायासाठी. ज्याच्याविषयी गाऱ्हाणं त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुझं काय म्हणणं? साहेबांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण त्यांना वाटलं, नाव तर नाहीच. दुसऱ्यांची अक्षरं कोणत्या पाकिटात कुठवर गेली ते आम्ही दोन वर्षं शोधत हिंडलो, आणि आपलं पाकीट कुठे जाईल याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही.

मार्चच्या मध्यावर अभिप्रायाची प्रत आमच्याकडे आली. चार ओळी. 'सदर कर्मचाऱ्याचे गाऱ्हाणे निराधार आहे. त्याचे हस्ताक्षर व कामातील गती असमाधानकारक असल्याने त्यास मुदतवाढ देण्यात आलेली नाही. रिक्त जागेवर योग्य राखीव उमेदवार न मिळाल्यास अन्य उमेदवार घेण्याची परवानगी असावी.' त्यांनीही नाव लिहिलं नव्हतं.

साहेबांनी ते एकदा वाचलं, मग परिशिष्टाचं पान काढलं, मग सायसिंगच्या बोलण्याचं पान. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून ते बसून राहिले. खाली दुकानात शेठजी कापड फाडत होते, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "एकच होता हो." मी दोन्ही पानं उचलून परत फायलीत लावली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. कचेरीत हेडक्लार्कने आमची बडदास्त ठेवली. ठेवणीतल्या कपांत चहा दिला. माणूस दुष्ट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. साहेबांनी विचारल्यावर त्याचे डोळे भरून आले. "साहेब, आम्हीन त्याले कधी वाकडा शब्द बोलनूत नही. त्यालेच विचारा. पोरगा गरीब शे, चांगला शे. पन त्यानी असं सांगाले नको व्हतं. आम्हले भलतं वाईट वाटनं." आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. साहेब त्याच्याशी भांडायला आले होते. भांडायचं कशावर हेच त्यांना कळेना.

मग त्यांनी आवक वही मागितली. सवयीने मागितली असावी. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तारीख, क्रमांक, कोठून आले. विषय: कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबाबत अहवाल, अभिप्रायार्थ. सरळ, स्वच्छ अक्षर, एकही खाडाखोड नाही. टपाल सायसिंगकडे होतं. ते पाकीट त्यानेच उघडलं होतं. वाचलं होतं. नोंद केली होती, आणि स्वतःच्या पायांनी चालत आत नेऊन दिलं होतं.

त्यापुढे त्या अक्षरात आणखी अकरा नोंदी होत्या. बाराव्या नोंदीपासून दुसऱ्याचं अक्षर.

त्याच्या गावी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. काठी गावची होळी आदल्याच पहाटे पेटून गेली होती. वाटेत माणसं परतताना दिसत होती, अंगावर राखेचे ठिपके, मोरपिसांचे टोप काखेत, कमरेचे घुंगरू चालताना वाजत. सगळी दमलेली आणि खूश. त्यांच्यातून साहेब कापूस कोंबलेल्या बुटांनी खाली बघत चालले होते. सायसिंग होळीला गेलेला नव्हता. घरामागे मोहाच्या झाडाखाली आईबरोबर फुलं वेचत होता. आम्हाला बघून उठला, हात पुसले, आईला त्यांच्या बोलीत काही सांगितलं. ती पाणी आणायला गेली.

साहेबांनी चार दिवस मनाशी काही जुळवलं असेल, ते सगळं विसरले. म्हणाले, "तुम्ही ते पाकीट पाहिलं होतं."

"हो, साहेब. मी बघितलं. नाव कुठंच नव्हतं. तुम्ही शब्द पाळला."

"अहो, मग दाबून का नाही ठेवलंत? हरवलं म्हणायचं. डोंगरातलं टपाल, कोणी विचारलं असतं?"

सायसिंगला तो प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. तो म्हणाला, "टपाल दाबायचं नसतं, साहेब. तेवढंच तर काम माझ्याकडं होतं."

साहेब म्हणाले, "मी अर्ज करतो. मुंबईला जातो. तुमचं अक्षर घेऊन जातो, दाखवतो त्यांना."

"नको," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "अर्ज पण तिथंच येईल, साहेब. अभिप्रायाला."

साहेब खाली बसले. त्याच्या टोपलीत मोहाची फुलं वेचून टाकू लागले. कुजकी, सुकलेली, माती लागलेली, सगळी एकत्र. सायसिंगची आई पाणी घेऊन आली आणि टोपलीतून त्यांनी टाकलेली फुलं निवडून काढू लागली.  मी न राहवून विचारलं, "ती दोन पोरं?"

सायसिंगने हाताने दाखवलं. खाली ओढ्यात दोघं गुरांना पाणी पाजत होती. शाळेचे दिवस होते.

साहेबांनी तरीही अर्ज केले. मी नकला केल्या. सायसिंग म्हणाला होता तसंच झालं, प्रत्येक अर्ज फिरून त्याच कचेरीकडे गेला आणि तेच चार ओळींचं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तर नुसतं 'पूर्वीप्रमाणेच' एवढं लिहून आलं. पावसाळ्याआधी आमचं कामकाज बंद करण्याचा हुकूम निघाला. अहवाल छापला गेला नाही. त्याने कोणाचं भलं झालं असं माझ्या ऐकिवात नाही. वाईट एकाचं झालं, ते मी सांगितलं.

शेवटच्या दिवशी आम्ही सामानाची यादी करत होतो. टेबलं दोन, खुर्च्या तीन, शेगडी एक, असं सगळं मामलेदार कचेरीत परत करायचं होतं. नंबरांची वही त्यांनी सकाळीच जाळली होती. ते पेटीवर बसून होते. दाढी वाढलेली. दोन महिन्यांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. मी खुर्च्या मोजत असताना त्यांनी विचारलं,

"तुम्ही स्वच्छ प्रत केलीत. तुमच्या नाही ना लक्षात आलं तेव्हा?"

मी वळलो नाही. म्हटलं, "नाही, साहेब."

"बरं झालं," ते म्हणाले. मोठा श्वास सोडल्याचं मला पाठीमागून ऐकू आलं. "मला रात्रंदिवस वाटत होतं, ह्यांना दिसलं असेल आणि माझ्या धाकाने हे बोलले नसतील. तसं असतं तर मग मी कचेऱ्या कशाला तपासत हिंडलो? माझ्याच कचेरीत दोन माणसं होती."

यादी पुरी करून मी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी सही केली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. मला तेव्हाही त्यांची भीतीच वाटत होती.